भाऊबिजेचा उपास

घागरा नेसायला दोन माणसं लागतात, हे पद्माकर आठल्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. ते त्याला किल्ट म्हणत होते, आणि शैलाताई घागरा म्हणाल्या की कपाळाला आठ्या घालत होते. पण मागचा पट्टा ओढायला शेवटी शैलाताईच लागल्या.

"अहो, पोट आत घ्या."

"घेतलंय."

"मग हे बाहेर कुणाचं आहे?"

आरशात बघत पद्माकरांचं पाठांतर चालू होतं. सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या त्या कॉन्डोत गेला महिनाभर सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं. स्कॉटिश वारसा क्लबाच्या वार्षिक संध्याकाळी हॅगिसपुढे स्तुतिकाव्य म्हणायचा मान यंदा त्यांना मिळाला होता, आणि जेवणं झाली की त्यांच्या गळ्यात अध्यक्षपदाची साखळी पडायची होती. ज्याचे आजे-पणजे स्कॉटलंडचे नाहीत असा हा क्लबाचा पहिलाच अध्यक्ष. तरुणपणी ते ग्लासगोच्या चीफ इंजिनिअरांच्या हाताखाली बोटीवर होते. त्या लोकांनी त्यांना इंजिन शिकवलं, शिव्या शिकवल्या आणि व्हिस्की शिकवली. यातलं काहीही ते विसरले नव्हते.

हॅगिस म्हणजे काय, ते आठल्यांच्या घरात एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. मेंढीचं काळीज, फुप्फुस आणि चरबी बारीक चिरायची, त्यात ओट्स, कांदा आणि मिरी घालायची, सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिवायचं आणि उकडायचं. मग ते चांदीच्या ताटात ठेवून बॅगपाइप वाजवत सभागृहात मिरवत आणायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

चौकड्यांचाही घोळ झालाच होता. तिकडे प्रत्येक कुळाच्या चौकड्या वेगळ्या. आठल्ये कुळाच्या अर्थातच नव्हत्या, तेव्हा दुकानदाराने ज्यांना कुळ नाही त्यांच्यासाठी असलेल्या चौकड्या काढून दिल्या. ज्या माणसाने कुळापायी सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणी वर्ज्य केलं, तो आता बिनकुळ्यांचा घागरा नेसून आरशासमोर उभा होता. शैलाताईंना हे बोलून दाखवायची फार इच्छा होती, पण पट्टा अजून लागायचा होता.

पट्टा लागला. पद्माकरांनी किल्टवर पुढे लटकणारा तो केसाळ बटवा उघडला आणि फळांच्या टोपलीतलं एक केळं काढून त्यात ठेवलं.

"हे कशाला?"

"आज भाऊबीज आहे."

"ते मला ठाऊक आहे. केळं कशाला?"

"क्लबातून परस्पर बेडोकला प्रेमाकडे जाऊ. ओवाळून घेईन." पद्माकरांनी बटव्याचं झाकण लावलं. "गेल्या वर्षी तिच्याकडे केळी नव्हती."

गेल्या वर्षी प्रेमाकडे केळी होती. शैलाताईंनी स्वतः पाहिली होती, ओट्यामागे वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलेली. ओवाळून झाल्यावर प्रेमाने शिऱ्याची बशी पुढे केली, पद्माकर नेहमीप्रमाणे "आज माझा उपास आहे गं" म्हणाले, आणि प्रेमा हात जोडून म्हणाली, "दादा, केळी संपली रे." तेव्हा ते तसेच उपाशी घरी आले आणि रात्री आठ पोळ्या खाल्ल्या.

भाऊबिजेला उपास असलेला हा अवघ्या महाराष्ट्रातला एकमेव भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी प्रेमाने श्रीरामरावांशी लग्न केलं. श्रीरामराव पशुवैद्य, सरकारी नोकरीतले, शांत. पण त्यांच्या वडिलांचं कोल्हापुरात मटणाचं दुकान होतं. पद्माकर नुकतेच बोटीवरून उतरले होते. बोटीवर त्यांनी चार महिने जे काही खाल्लं होतं त्याची नावंसुद्धा आठल्यांच्या घरात कुणाला उच्चारता आली नसती. तरी कार्यालयाच्या दारात उभं राहून ते सगळ्यांदेखत बहिणीला म्हणाले, "तुझ्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही." पुढे राग गेला, आईवडील गेले, प्रेमाशी फोनवर तासन्‌तास गप्पा सुरू झाल्या. बोललेलं वाक्य तेवढं राहिलं. ते मागे घ्यायचं कसं, हे ग्लासगोवाल्यांनी शिकवलं नव्हतं. म्हणून दर भाऊबिजेला उपास, आणि उपासाला केळं, कारण केळ्याला साल असते आणि ती आपल्या हाताने काढता येते.

शैलाताई एकतीस वर्षं नवऱ्याच्या बाजूने होत्या. म्हणजे नणंदेकडे पोटभर जेवून यायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या की चहासुद्धा घेतला नाही.

"काय हसतेस?" पद्माकरांनी विचारलं.

"कुठे काय. छान दिसताय."

आज ज्या हॅगिसला हे मुजरा करणार होते, ते कुणी शिवलंय हे शैलाताईंना दुपारपासून माहीत होतं. स्कॉटलंडहून येणारा माल वाटेत खराब झाला. क्लबाने केटरर गाठला, केटररने हात वर केले आणि काम मंदारकडे सोपवलं. मंदार म्हणजे प्रेमाचा मुलगा. बेडोकला त्याचं छोटं केटरिंगचं किचन आहे, आणि त्याच्यासाठीच प्रेमा आणि श्रीरामराव दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला आले. मेंढीचं पोट म्हटल्यावर मंदारने आईला फोन केला, आईने वहिनीला केला. शैलाताईंनी नवऱ्याला सांगायचं नाही असं ठरवलं, आणि केसांत गजरा माळला.

*

क्लबाच्या किचनमध्ये आठल्यांची सून अनघा पोचली तेव्हा प्रेमाआत्या नारायणपेठी साडीवर एप्रन बांधून उकळत्या पातेल्यापुढे उभी होती. श्रीरामकाका बाजूला स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. अनघा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांची आखडलेली अंगं सोडवते. आठल्यांच्या घरात आल्यापासून तिची खात्री झाली होती की इथलं मूळ दुखणं मानेचं आहे.

"बघ गं," प्रेमाआत्याने झाकण काढलं. "आमच्या सासूबाईंची वजडीच ही. फक्त भाकरी आतच घातलीय."

"साहेबी वजडी," श्रीरामकाका म्हणाले. "म्हणून तर वाजतगाजत जाते. आमची बिचारी पाटीखाली झाकून यायची."

ऋता आत आली. वरुण-अनघाची ही मुलगी शाळेच्या पाइप बँडमध्ये वाजवते, आणि आज मिरवणुकीच्या पुढे तीच होती. काखेत बॅगपाइप, कमरेला शाळेची किल्ट. तिने पातेल्यावर नाक नेलं.

"आत्याआजी, वास सो शिओक लाह, एकदम मस्त! आजोबांना माहितीए ऑर नॉट?"

"नॉट," आत्या म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच वरुण दारात आला. त्याने आत्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. वरुण बँकेत रिस्क मॅनेजर आहे. धोका कुठून येतो ते ओळखण्याचा त्याला पगार मिळतो, पण तो आतापर्यंत फक्त बाहेरच्या दारांवर लक्ष ठेवून होता.

"आत्या, तू इथे? हे तू केलंस? बाबांना कळलं तर?"

"कळू दे की."

"ते खाणार नाहीत! अडीचशे लोकांसमोर ताट सरकवतील. डंकन आहे समोर, माझा बॉस आहे तो, तोच आज बाबांच्या गळ्यात साखळी घालणार आहे. अनघा, तुला माहीत होतं?"

"आईंनाही माहीत आहे," अनघा म्हणाली.

"आईला?" वरुणला हे जास्त लागलं. आई आपल्या बाजूची, असं तो समजत आला होता. "मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगतो."

"सांग ना," अनघा शांतपणे म्हणाली. "मग ते कविता म्हणणार नाहीत. मग तू जा आणि डंकनला सांग, माझ्या वडिलांना आज अचानक उपास लागलाय. कसला, ते समजावून सांग. श्रीरामकाकांच्या वडिलांच्या दुकानापासून सुरुवात कर."

वरुण थांबला. त्याने मनात दोन्ही बाजूंचा धोका तोलला आणि तो एका मिनिटात आत्याच्या पक्षात आला. अर्थात तत्त्व म्हणून नाही.

"आत्या, तुला नक्की काय हवंय?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

प्रेमाने चिमटा खाली ठेवला. "त्याने एकदा माझ्या हातचं खावं, एवढंच हवंय. दर वर्षी ओवाळते आणि दर वर्षी तो केळं सोलत बसतो. मला बघवत नाही रे ते. तो चौऱ्याहत्तरचा झाला, मी सदुसष्टची. तुम्ही उद्या माझा पिंड ठेवाल ना, त्याला कावळा शिवणार नाही, सांगून ठेवते. हा येऊन जेवेपर्यंत तरी नाहीच."

"मी हिला म्हटलं," श्रीरामकाका म्हणाले, "एका घासासाठी अख्खं मेंढरू कशाला?"

"बरं, पण ताट मंदार घेऊन जाईल," वरुण म्हणाला. "तू किचनमधून हलायचं नाहीस. बाबांना खाऊ दे, साखळी पडू दे, मग घरी गेल्यावर काय ते सांगा."

"बरं," प्रेमा म्हणाली.

ती इतक्या चटकन बरं म्हणाली की अनघाने वळून तिच्याकडे पाहिलं. प्रेमा एप्रन सोडत होती.

*

आधी कविता झाल्या. एका बँकरने धुक्यात हरवलेल्या कोकरावरची स्वतःची कविता म्हटली आणि शेवटी तो स्वतःच रडला. एका वकीलबाईंनी आजीच्या गावच्या डोंगरावर चौदा कडवी म्हटली. त्या गावाला त्या कधी गेल्या नव्हत्या. बाहेर नोव्हेंबरचा घाम निथळत होता आणि आत एसी इतका लावला होता की लोकांना थंडीची, धुक्याची आठवण यायला मदत व्हावी. पद्माकर पहिल्या टेबलावर डंकन मॅकरेच्या शेजारी बसले होते. त्यांचे गुडघे गारठले होते, पण छाती भरून आली होती. या लोकांना आपल्या मातीचा केवढा अभिमान! आपल्या माणसांना हे कधी कळायचं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मग दार उघडलं आणि पाइप सुरू झाला. सगळे उभे राहिले. पुढे ऋता, गाल फुगलेले, पावलं तालात. तिला पाहून पद्माकरांचे डोळे भरले. तिच्या मागे ताट घेऊन स्वयंपाकी येतो असा रिवाज होता.

तिच्या मागे प्रेमा होती. नारायणपेठी साडी, कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही हातांत चांदीचं ताट. क्षणभर पद्माकरांना वाटलं, ही ओवाळायला इथेच आली की काय. मग ताट जवळ आलं आणि त्यात निरांजन नसून हॅगिस आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यामागचा अर्थ लक्षात यायला आणखी थोडा वेळ लागला. तोवर ताट त्यांच्या पुढ्यात होतं आणि अडीचशे माणसं टाळ्यांचा ठेका धरून होती.

"तू?" पद्माकर ओठ न हलवता म्हणाले.

"म्हण कविता," प्रेमा म्हणाली. "गार होतंय."

स्तुतिकाव्य क्लबाच्या संस्थापकाने रचलेलं होतं, आणि ते रचताना त्याच्या डोक्यात आठल्ये नक्कीच नव्हते. पण पहिल्याच कडव्यात म्हणणारा सांगतो, की हे पोटांच्या राजा, मी पहाटेपासून उपाशी आहे तो केवळ तुझ्यासाठी. पद्माकरांनी ते म्हटलं. प्रेमाने मान डोलावली. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, की राजवाड्यातली पक्वान्नं नकोत, ज्या हातांनी तुला शिवलं त्या हातांचं मी चुंबन घेईन. पद्माकरांचा आवाज जरा घोगरा झाला. लोकांना तो अभिनय वाटला आणि "वाहवा" आली. तिसऱ्या कडव्यात, तुला जो नाकं मुरडेल त्याच्या शिडाला जन्मभर वारा न मिळो, असा रीतसर शाप होता. महिनाभर पाठ केलेल्या त्या ओळींत इतका मजकूर आहे हे पद्माकरांना आज प्रथमच कळत होतं.

पळायला वाट नव्हती. उपास आहे म्हणावं, तर तो कुणासाठी होता ते आत्ताच यमकात सांगून झालं होतं. त्यांनी सुरी उचलली आणि शेवटच्या ओळीवर हॅगिस उभं चिरलं. वाफ वर आली. तिथल्या एसीच्या गारठ्यात मिरी आणि काळजाचा तो वास पहिल्या टेबलावर पसरला. मागच्या टेबलावरून शैलाताई मान उंच करून बघत होत्या. वरुणने डोळे मिटले होते.

पद्माकरांनी पुढ्यातल्या बशीत थोडं वाढून घेतलं आणि चमचाभर तोंडात घातलं.

वाईट असतं तर बरं झालं असतं. पण ते उत्तम होतं. इतकं उत्तम होतं की पुढचा चमचा त्यांच्या हाताने त्यांना न विचारता उचलला.

टाळ्या पडल्या. रिवाजाप्रमाणे आता स्वयंपाक्याला व्हिस्कीचा पेला द्यायचा होता, तोही स्तुती म्हणणाऱ्याच्याच हाताने. पद्माकरांनी पेला पुढे केला. प्रेमाने उजव्या हाताचा खळगा करून त्यात थोडी ओतून घेतली, तीर्थासारखी प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. सभासदांना ते फार आवडलं. दोघातिघांनी आपापल्या पेल्यांवर लगेच तो प्रयोग करून पाहिला.

"काय बाई आहे!" डंकन मॅकरे इंग्रजीत म्हणाला. "पद्माकर, तुम्ही ओळखता का हिला?"

प्रेमा ताट हातात धरून उभी होती. ऋता काखेतला पाइप सावरत बघत होती. उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्या एका शब्दापाठोपाठ प्रश्न आले असते, कधीची भेट, कुठे राहते, तुम्ही नेहमी हिच्याकडे जेवत असाल; आणि पहिल्या टेबलावर सगळं सिंगापूर बसलं होतं.

"केटरिंगवाल्या आहेत," पद्माकर म्हणाले.

प्रेमा हसली. "थँक यू, सर," ती म्हणाली, आणि ताट घेऊन किचनकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ऋता आजोबांच्या खुर्चीशी वाकली. "आजोबा, दॅट्स युअर सिस्टर, व्हॉट." तिने ओठ आवळले. "सो मीन."

पद्माकर बसले. त्यांच्या बशीत अजून हॅगिस होतं आणि त्यांना ते हवं होतं, पण आता चमचा उचलेना. डंकन साखळीचा इतिहास सांगत होता. कोणत्या वर्षी कुणाच्या गळ्यात होती, युद्धात कुठे पुरून ठेवली होती. पद्माकरांना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. लग्नाच्या दारात बोललेल्या वाक्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती, निदान तसं त्यांनी कुणाला दिसू दिलं नव्हतं. या दोन शब्दांची मात्र त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली. बहिणीला ते वाक्य तोंडावर सांगितलं होतं. आज तिला ओळखलंच नव्हतं.

ते उठले.

"आत्ता?" डंकन म्हणाला. "आता साखळी!"

"दोन मिनिटं," पद्माकर म्हणाले आणि किल्ट सावरत किचनच्या दिशेने निघाले.

*

प्रेमा सिंकपाशी उभी राहून चांदीचं ताट घासत होती. ते घासायचं काम तिचं नव्हतं. मंदारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वडिलांनी डोळ्यांनीच त्याला बाहेर पाठवलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर, मागच्या दाराने केव्हाच येऊन बसलेल्या शैलाताई ताटलीत हॅगिस आणि वर कांदा घेऊन जेवत होत्या.

दार ढकलून पद्माकर आत आले. त्यांना सगळ्यात आधी बायको दिसली.

"तू? तू हे खातेस?"

"एकतीस वर्षं," शैलाताई म्हणाल्या आणि लिंबू पिळलं.

पद्माकर बहिणीकडे वळले. "प्रेमा."

"काय हवंय, सर? बिल मंदार पाठवेल."

"प्रेमा, असं करू नकोस."

"मी काय केलं? केटरिंगवाल्या कुठे काय करतात?" तिने नळ बंद केला. तिचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "तू खाल्लंस ना बाहेर? ते मी धरत नाही, दादा. ते तू त्या डंकनसाठी खाल्लंस. त्या साखळीसाठी खाल्लंस. मला वाटलं होतं, एकदा घास गेला की झालं. मूर्ख मी. तुझ्या घशाखाली मेंढी जाते रे, मीच तेवढी जात नाही."

पद्माकर उभे राहिले. त्यांनी इंजिनरूममध्ये आग विझवली होती, वादळातून बोट आणली होती. इथे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले.

"कधी? आज की तेव्हा?"

"तेव्हा. आज पण. तेव्हाचं तर घरी पोचेपर्यंतच कळलं होतं. मग म्हटलं, बोललो ते बोललो. मग वर्षं गेली. मग प्रत्येक वर्षी वाटायचं, आता एकदम खाल्लं तर तू विचारशील, इतकी वर्षं का नाही? त्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही."

शैलाताईंनी चावणं थांबवलं होतं.

प्रेमाने पदराने हात पुसले. मग तिने पर्समधून छोटं तबक काढलं, निरांजन ठेवलं. सभागृहात आगीच्या नियमामुळे मेणबत्त्यासुद्धा बॅटरीच्या होत्या, पण किचनमध्ये गॅस पेटलेलाच होता. तिने वात लावली. पद्माकर पाटावर बसले असते, पण किल्टमध्ये मांडी घालणं कुणाच्याच हिताचं नव्हतं. ते उलट्या क्रेटवर गुडघे आवळून बसले. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग तबक पुढे धरून तिने दर वर्षीच्याच आवाजात विचारलं:

"केळं देऊ?"

पद्माकरांनी बटवा उघडला. केळं आतच होतं. इतका वेळ टेबलाच्या कडेला दाबून दाबून ते काळं पडलं होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, क्षणभर हातात धरलं आणि तबकात ठेवलं.

"ही ओवाळणी," ते म्हणाले. "आता वाढ."

प्रेमाने तबक खाली ठेवलं. तिने डाव भरून वाढलं, कांदा ठेवला, लिंबू ठेवलं. मग ती तशीच उभी राहिली, एका हातात डाव, दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावून.

बाहेरून वरुणचा आवाज आला. तो माइकवर होता, आणि डंकनच्या समोर त्याचा आवाज पहिल्यांदाच सरळ लागला होता. "माफ करा, थोडं थांबावं लागेल. माझे वडील त्यांच्या बहिणीकडे जेवायला बसलेत. आज आमच्यात तसा रिवाज आहे." मग पहिल्या टेबलावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हे लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

पद्माकरांनी ताट मांडीवर घेतलं आणि श्रीरामरावांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत ते या माणसाशी हवामान आणि क्रिकेट सोडून काही बोलले नव्हते.

"श्रीरामराव, तुम्हीही घ्या ना. मी एकटा कसा बसू?"

श्रीरामरावांनी चष्मा लावला. "नको, दादा," ते शांतपणे म्हणाले. "आज माझा उपास आहे."

पद्माकरांचे कान लाल झाले. शैलाताई हसू दाबत ताटलीत बघू लागल्या. "अहो!" प्रेमा म्हणाली.

श्रीरामरावांनी तबकातलं केळं उचललं. सावकाश, नीट, एक-एक पाकळी करत त्यांनी ते सोललं आणि साल बाजूला ठेवली. मऊ, काळसर पडलेलं केळं त्यांनी मधोमध मोडलं, अर्धं स्वतःकडे ठेवलं आणि अर्धं पद्माकरांच्या ताटात ठेवलं.

दुसऱ्याने सोललेलं केळं पद्माकरांनी आधी खाल्लं. मग हॅगिसला हात घातला.